प्रयागबाईंची नवी कॅसेट

प्रयागबाई मंठेकर यांना मी श्रद्धांजली वाहिली, तेव्हा त्या माझ्या समोरच बायकांच्या रांगेत सतरंजीवर बसलेल्या होत्या. ही गोष्ट मी बरीच वर्षं हसत हसत सांगत आलो. आता बाई खरोखरच नाहीत, आणि सांगताना पहिल्यासारखं हसू येत नाही. तरी सुरुवात तिथूनच करायला हवी. त्यांच्या शेवटच्या गाण्यांचं सगळं काम त्या दिवशीच्या फजितीतूनच उभं राहिलं.

टेंभुर्णीला बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम होता. मी त्याच गावचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला युसूफ मास्तर. तरुणपणी प्रयागबाईंच्या गायनपार्टीत पेटी वाजवायचो, एवढीच माझी गावात मिरवण्यासारखी ओळख. कार्यक्रमाच्या आधी काही दिवस मोबाईलवर बाईंचा फोटो फिरत होता आणि त्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असं लिहिलेलं होतं. खरं म्हणजे तो फलक बाईंच्या यजमानांच्या, किसनरावांच्या स्मृतिदिनाचा होता. मुलीने आईवडिलांचा जोडीचा फोटो टाकला होता, आणि पुढे पाठवताना कुणीतरी त्यातले किसनराव कापून टाकले. किसनराव गीतकार. जिवंतपणीसुद्धा त्यांचं नाव घ्यायला निवेदक विसरायचेच, त्यामुळे हे त्यांच्या नशिबाला धरूनच झालं. मी बाईंचा जुना नंबर लावून पाहिला तर तो बंद होता. त्यांच्या गळ्याचं दुखणं सगळ्यांना माहीत होतं, वयही झालेलं. मी मान्य करून टाकलं. आमच्या वयात अशी बातमी आली की माणूस उलटतपासणी करत नाही, नुसता खुर्चीत थोडा खाली सरकतो.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोनावर थांबलो नाही. बाईंचा आवाज, त्यांचा बाणा, त्यांनी आम्हा वादकांना कसं पोटच्या पोरांसारखं सांभाळलं, सगळं बोललो. मग निवेदकाने सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. मंडप उठला. मान खाली घालायच्या आधी माझी नजर बायकांच्या बाजूला गेली, तर तिसऱ्या-चौथ्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून, मान खाली घालून प्रयागबाई उभ्या. मौन पाळायचं असल्यामुळे मला ओरडताही येईना.

कार्यक्रम पुढे सुरू झाला तेव्हा मी मागच्या बाजूने जाऊन त्यांना गाठलं. त्या टेंभुर्णीला बहिणीकडे आल्या होत्या. तुम्ही उभ्या कशाला राहिलात, तिथंच का बोलला नाहीत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “समदे उभे राह्यले, मंग मी एकटीच बसून राहू का? आन् नाव तर माझंच घेतलं होतं. न उठावं तर माझाच अपमान.” मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, “भाषण चांगलं झालं तुमचं, मास्तर. मी जित्ती असताना असं कधी बोलला न्हाईत.”

बहिणीच्या घरी चहा घेताना त्यांची थट्टा संपली. मग म्हणाल्या की आपल्याला एक कॅसेट काढायची आहे, शेवटची. मी म्हणालो, कॅसेट आता कुणाच्या घरात वाजत नाही, आता अल्बम म्हणतात, तो मोबाईलवर असतो. “तुम्ही त्याला काही म्हणा,” त्या म्हणाल्या, “लोकायला कळलं पायजे की बाई हाय. मेल्यावर मेली म्हणा, मला काही त्रास न्हाई. पण आधीच कामून?”

ज्यांनी त्यांना ऐकलं नाही त्यांना हे सांगून समजायचं नाही, तरी सांगतो. आमच्या भागात एक काळ असा होता की लग्न असो, जयंती असो, नव्या ट्रॅक्टरची मिरवणूक असो, प्रयागबाईंच्या आवाजाशिवाय काम सुरू होत नसे. भीमगीतं त्यांची, पण कव्वालीचा ठसका असा की माझी अम्मी, जिला मराठी धड कळत नव्हती, तीसुद्धा चूल सोडून दाराशी येऊन उभी राहायची. ईदला पार्टीतले सगळे आमच्याकडे असत. अम्मी बाईंना आपा म्हणायची आणि शीरखुर्म्याचा मोठा कटोरा त्यांच्यासाठी वेगळा काढून ठेवायची.

बाई काळी पाचमध्ये गायच्या. पेटी न वाजवणाऱ्यांसाठी सांगतो, ती बरीच उंच पट्टी आहे. मोठमोठ्या गायिका वयाप्रमाणे हळूच अर्धी-एक पट्टी खाली उतरतात, कुणाला कळतही नाही. बाईंपुढे तो विषय काढायची सोय नव्हती. “पट्टी उतरली की बाई उतरली,” एवढंच बोलून त्या विषय संपवायच्या. गाताना त्या पुढच्या रांगेकडे कधी बघत नसत. पार मागे, मंडपाच्या कडेला, बिडी ओढत उभा असलेला एखादा माणूस शोधायच्या आणि सबंध गाणं त्याला म्हणून दाखवायच्या. पुढच्यांना तर ऐकू येतंच, म्हणायच्या.

पिंपळगाव रेणुकाईला एकदा मिरचीच्या बाजाराच्या पटांगणात आमचा कार्यक्रम ठेवला होता. बाजार आदल्या दिवशीच उठलेला, जमिनीत मिरचीचा नाकाला झोंबणारा खाट मुरलेला. वाऱ्याची एक झुळूक आली की ढोलकीवाला शिंकायचा, त्याच्यामागे कोरस शिंकायचा. बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण आवाज हलला नाही. बाबासाहेबांच्या निर्वाणाचं गाणं चाललं होतं. समोरच्यांना वाटलं बाई गहिवरून रडताहेत, म्हणून तेही रडायला लागले. गाणं संपल्यावर एक म्हातारा स्टेजवर येऊन त्यांच्या पाया पडला. परत येताना जीपमध्ये बाई हसून हसून बेजार झाल्या. “मास्तर, आज मिरचीनं माझी लाज राखली,” म्हणाल्या.

मग कॅसेटी गेल्या, डीजे आला. किसनराव वारले. बाईंच्या गळ्यात गाठ निघाली, ती काढली, गाठीबरोबर वरचे सूरही गेले. निवृत्ती वगैरे त्यांनी कधी जाहीर केली नाही. मंठ्याला मुलीकडे राहू लागल्या. मुलगी सुजाता, अंगणवाडीत काम करते. गाणं का सोडलं, असं मी त्या दिवशी टेंभुर्णीला विचारलं, तर म्हणाल्या, “गाणं कुठं सोडलं? बोलावणं बंद झालं. मी तर तयारच बसून राह्यले होते.”

जालन्यात मिलिंद नावाच्या एका माणसाचा छोटा स्टुडिओ होता. बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी कायमची बंद. मिलिंदच्या बापाची बँड पार्टी होती आणि तो बाईंच्या कॅसेटी ऐकतच वाढलेला. फोनवर मी नाव सांगितलं तर तोही आधी म्हणाला, त्या तर गेल्या ना. मग स्वतः मोटारसायकल काढून मंठ्याला गेला आणि बाईंना बघून आला. त्यानंतर त्याने किंमत-बिंमत काही विचारलं नाही.

सुजाताचा मात्र याला विरोध होता, आणि तिचं चुकत होतं असं मला वाटत नाही. ती म्हणाली, काका, आईचं नाव अजून चांगलं आहे. आता हा फाटका आवाज बाहेर गेला तर लोक तेवढाच लक्षात ठेवतील. बाई भाजी निवडत ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून जालन्याच्या बसस्टँडवर माझ्या आधी हजर होत्या.

मे महिना होता. जालन्याचा मे, आणि त्यात रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद, पंखा बंद, कारण त्यांचा आवाज माईकमध्ये येतो. एक अंतरा झाला की दार उघडायचं, सगळ्यांनी घाम पुसायचा, पाणी प्यायचं, मग दार लावून पुढचा अंतरा. गल्लीत पाण्याचा टँकर आला की बायकांच्या घागरींचा आणि भांडणांचा असा गलबला व्हायचा की तेवढा वेळ काम बंद. बाई खिडकीच्या फटीतून ती भांडणं ऐकत बसायच्या. “हिचा आवाज बघा, बिनमाईकची काळी पाच हाय,” असं एकदा म्हणाल्या.

पहिली अडचण निघाली ती कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. मिलिंदने पहिलं गाणं ऐकलं तर ध्रुवपदाच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द गायब. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तो अदबीने म्हणाला, बाई, तुम्ही शेवटचा शब्द खाताय. बाई चकित झाल्या. आयुष्यभर त्यांनी ध्रुवपदाची ओळ शेवटच्या शब्दाशी आणून सोडलेली होती. तो शब्द कोरस उचलायचा, कोरसमागून मंडप उचलायचा. तोंड तिथे आपोआप मिटायचं आणि उजवा हात पुढे व्हायचा. गाद्या ठोकलेल्या त्या खोलीतही त्यांचा हात पुढे होत होता, आणि समोर भिंत होती.

“खात न्हाई बाबा,” त्या म्हणाल्या, “तो शब्द लोकायचा हाय. त्यांच्यासाठी ठिवते.”

खूप प्रयत्न केला. शब्द म्हणायचं ठरवलं की सूर सुटायचा, सूर धरला की शब्द सुटायचा. शेवटी मिलिंदने, मी, साथीला आणलेल्या ढोलकीवाल्याने आणि खालच्या बियाण्यांच्या दुकानातल्या एका हमालाने उभं राहून ते शब्द वेगळे म्हटले, आणि मिलिंदने ते मशीनवर वाढवून आमचे पन्नास जण केले. बाईंनी ऐकलं. बरं झालंय म्हणाल्या. पण त्या म्हणण्यात जीव नव्हता.

दुसरी अडचण मला आधीपासून माहीत होती आणि मी ती बोलत नव्हतो. बाईंनी पट्टी काळी पाचच धरली होती. गळा तिथपर्यंत जात नव्हता. वर चढताना आवाज मध्येच चिरायचा, कधी नुसती हवा निघायची. त्या थांबायच्या, लवंग तोंडात टाकायच्या, पुन्हा चढायच्या. दुपारी त्यांचा चेहरा पांढरा पडला तेव्हा मी भीत भीत म्हणालो, दोन पट्ट्या खाली घेऊ. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “पेटी वाजवा, मास्तर,” म्हणाल्या. संध्याकाळच्या बसमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून मंठ्यापर्यंत झोपल्या. मंठ्याला उतरवलं तेव्हा त्यांचं अंग मला फार हलकं लागलं, आणि हे सगळं आपण कशासाठी करतोय असं मला पहिल्यांदा वाटलं.

मिलिंदने मग आपल्या परीने वाट काढली. त्याच्याकडे मशीन होतं. चिरलेले सूर त्याने सांधले, घसरलेले वर उचलले, खरखर धुऊन टाकली. आठवडाभराने त्याने आम्हाला ते ऐकवलं. मी खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. तीच प्रयागबाई, पिंपळगावच्या मैदानातली. बाईंनी डोळे मिटून ऐकलं, आणि संपल्यावर लहान मुलीसारख्या हसल्या. “ही तर मीच हाय,” म्हणाल्या. सुजातालाही गाणं ऐकवलं. ती आईच्या गळ्यात पडली. त्या दिवशी आम्ही सगळे इतके खूश होतो की मिलिंदने लगेच एक गाणं मोबाईलवर सोडायचं ठरवलं. फोटो कुठला लावायचा हा प्रश्न आला. चांगला फोटो एकच होता, पहिल्या कॅसेटीवरचा. तो लावला.

चार-पाच दिवसांनी बाईंनी मला मंठ्याला बोलावून घेतलं. लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवा, म्हणाल्या. सुजाता वाचायचं टाळत होती. मी चष्मा लावला आणि मोबाईल हातात घेतला. लोकांनी भरपूर लिहिलं होतं, आणि सगळं प्रेमाने लिहिलं होतं. अमर आवाज. बाई पुन्हा होणे नाही. जुनं रेकॉर्डिंग शोधून काढल्याबद्दल आभार. आज बाई असत्या तर. खाली फुलं, समया, जोडलेले हात. एकाने तर लिहिलं होतं की बाईंच्या अखेरच्या दिवसांत आपण त्यांना भेटलो होतो. मी वाचत गेलो आणि माझा आवाज आपोआप टेंभुर्णीच्या भाषणासारखा झाला, तेव्हा थांबलो.

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “किती लोक हायेत. समदे म्हणून राह्यले, बाई असत्या तर. मंग मास्तर, मी कोण हाय?”

मी उपाय सांगायला लागलो. त्यांचा आजचा फोटो लावू. त्या बोलताना एक व्हिडिओ काढू: नमस्कार, मी प्रयागबाई, मी ठणठणीत आहे. त्यांना ते पसंत पडलं नाही. मी म्हणालो, त्यात कमीपणा कसला, आम्ही पेन्शनवाले दर वर्षी बँकेत जाऊन आपण हयात असल्याचा दाखला देतोच की. त्यावर त्या म्हणाल्या, “तुम्हाला तो बँकेला द्यायचा असतो. मला लोकायला द्यायचा हाय. हात जोडून, मी मेले न्हाई हो, असं सांगत फिरू? गाणं ऐकून कळलं न्हाई तर मी कसली गाणारी?”

सुजाता म्हणाली, आई, पण गाणं ऐकूनच तर लोकांना वाटतंय की ते जुनं आहे. हे वाक्य ती सहज बोलून गेली, समजूत घालायला. बाई ताठ बसल्या. त्यांनी मोबाईल मागितला, ते गाणं पुन्हा लावायला सांगितलं, आणि मधूनच बंद करायला सांगितलं. हा आवाज त्या वेळच्या बाईचा आहे, त्या म्हणाल्या, तिच्यासारखं गायला गेले म्हणून लोक तिच्याच नावाने रडताहेत. त्यांचं बरोबर आहे, ती मेलीच आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मिलिंदला सांगा, ते पुसून टाक. म्हातारीचा काढ.”

आम्ही पुन्हा त्या माडीवर गेलो. जून उजाडला होता तरी उकाडा तसाच. मी पेटी उघडली आणि सवयीने काळी पाचवर बोट ठेवलं. बाईंनी माझं मनगट धरलं आणि माझा हात डावीकडे, खालच्या पट्टीकडे सरकवला. काळी चार. पुढे सरकवला. आवाज लावून पाहिला, नाही म्हणाल्या, अजून सरकवला. काळी दोनवर त्यांचा हात थांबला. “हितं,” म्हणाल्या. वीस वर्षं मी ज्या बाईंपुढे पट्टीचा विषय काढायला घाबरलो, त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःला एवढं खाली आणलं. मला रडू आलं, आणि ते लपवण्याइतकी मोठी ती खोली नव्हती. बाई म्हणाल्या, “रडायचं असंल तर जल्दी रडून घ्या. टँकर यायच्या आत एक गाणं झालं पायजे.”

मिलिंदने मशीन वापरायचं नाही असं ठरलं. खरखर राहू द्यायची, खोकला आला तर तोही. या खेपेला कोरस वेगळा न म्हणता आम्ही त्यांच्यासमोरच उभे राहिलो, म्हणजे त्यांनी हात पुढे केला की समोर माणसं असतील. आठ गाणी होती, सगळी किसनरावांची. पूर्वी ती गाणी त्या एका दमात उधळून द्यायच्या. आता ओळ अर्ध्यात थांबायची, मध्ये श्वास यायचा, आणि मग पुढचा शब्द हळूच यायचा. एका गाण्यात चढावाच्या आधी त्यांचा दम संपला. त्या ढोलकीवाल्याला म्हणाल्या, “थांब जरा.” ढोलकी थांबली. त्यांनी श्वास घेतला, मान हलवली, आणि गाणं जिथून सुटलं होतं तिथूनच धरलं. ते पुन्हा घेऊ का, असं मिलिंदने विचारलं. त्या म्हणाल्या, नको, झालं तसं असू दे, आता परत चढवणार नाही.

अल्बम लागला. फोटोही आजचा लावला. सुजाताने अंगणात काढलेला, पांढऱ्या केसांचा. मला मनातून वाटत होतं की आता मोठं काहीतरी होईल. काही झालं नाही. पहिलं गाणं ज्या हजारोंनी ऐकलं होतं, त्यांतले फार थोडे इकडे आले. एकाने लिहिलं, ही कोण बाई प्रयागबाईंची नक्कल करते आहे. दुसऱ्याने लिहिलं, जुन्या बाईंची सर नाही. मी हे वाचून दाखवणार नव्हतो, पण बाईंनी शपथ घातली. ऐकून म्हणाल्या, “खरंच लिहिलं. जुन्या बाईची सर मला बी न्हाई.” आणि त्या आत जाऊन पडल्या. सुजाताने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला.

पावसाळा गेला. मी अधूनमधून मंठ्याला जात असे. बाई अल्बमचं नाव काढत नसत. बोलणं कमी झालं होतं. दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा. मी विचारायचो, बाई, बरं वाटतंय ना? त्या हो म्हणायच्या, बिलकुल बरं आहे म्हणायच्या, आणि पुन्हा भिंतीला डोकं टेकायच्या.

अशाच एका बाजाराच्या दिवशी मी गेलो होतो. सुजाता अंगणवाडीत होती. बाई म्हणाल्या, तुम्ही आलात तर वांग्याची भाजी करते, चला बाजारात. मी नको म्हणालो तरी पिशवी घेऊन निघाल्या. मंठ्याचा बाजार भरलेला, आसपासच्या खेड्यांतली माणसं उतरलेली, त्यात आम्ही दोन म्हातारी माणसं धक्के खात चाललेलो. भाजीच्या ओळीत शेवटाकडे एक बाई गोणपाट अंथरून बसली होती. पन्नाशीची असेल. समोर वांगी, दोडके, कोथिंबीर, आणि काट्याच्या शेजारी मोबाईल उभा केलेला. त्यावर गाणं वाजत होतं. आम्ही जवळ पोचलो आणि मोबाईलमधून आवाज आला, थांब जरा.

प्रयागबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांनी पदर ओढून तोंडावर घेतला. भाजीवालीचं आमच्याकडे लक्ष नव्हतं, ती वांगी निवडत होती. बाई काही विचारणार नाहीत हे मला दिसलं, म्हणून मीच विचारलं, कुणाचं गाणं हे?

“प्रयागबाईचं,” ती मान वर न करता म्हणाली. “नवं हाय.”

मी म्हणालो, पण त्या तर वारल्या म्हणतात.

तिने वर पाहिलं. माझ्या अडाणीपणाचा तिला राग आला असावा. “कोण म्हणतं वारल्या? ऐका की जरा. किती थकली बाई. दम पुरत न्हाई बिचारीला, मधीच थांबून राह्यली. मेलेलं माणूस थकतं का?” मग तिने प्रयागबाईंच्या हातातली पिशवी ओढून घेतली, वांगी मोजून टाकली, वर कोथिंबिरीची एक जुडी ठेवली, आणि म्हणाली, “घ्या मावशी. उन्हाचं कामून येता बाजारात, घरात कोणी न्हाई का?”

बाईंनी पिशवी घेतली. आपण कोण आहोत ते त्यांनी सांगितलं नाही, मलाही डोळ्यांनी गप्प बसवलं. आम्ही ओळीच्या बाहेर आलो. एका बंद दुकानाच्या पायरीशी त्या थांबल्या. तोंडावरचा पदर काढला. डोळे भरलेले होते, पण चेहऱ्यावर जे होतं त्याला मी दुःख म्हणणार नाही.

“ऐकलं का, मास्तर?”

मी म्हणालो, ऐकलं.

“थकली म्हणली मला.” आणि जरा थांबून पुन्हा, “बराबर ओळखलं तिनं.”

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. त्या पायरीवर हात टेकून हळूच खाली बसल्या, पाय लांब केले, आणि म्हणाल्या, “आता जरा बसू द्या मला. लई थकले.” थकले हा शब्द इतक्या समाधानाने म्हणणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि बाई गेल्यावर आजवर पाहिलेलं नाही.